वर येणारा बोर्ड

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचा शेजारी घनश्याम सध्या साऱ्या कारधा गावात सांगत फिरतो आहे, की लक्ष्मणरावांनी, म्हणजे मी, मिक्सरच्या एका प्लगसाठी घर खोदून काढलं. हे साफ खोटं आहे. घर कोणी खोदलं नाही. ओटा फुटला, तो एकदाच फुटला, आणि त्या वेळी मी ओट्यापासून चांगला चार हात दूर उभा होतो. बाकी जे झालं त्यात माझा दोष एवढाच, की मी बायकोला एक शब्द दिला आणि तो पाळायला गेलो. आजकाल तेवढ्यावरही माणसाचं हसं होतं.

शब्द दिला पुण्यात. आमचा मुलगा भूषण तिथे नोकरीला आहे. त्यानं नवीन फ्लॅट घेतला म्हणून आम्ही दोघं पाहायला गेलो होतो. सुनेनं, म्हणजे हर्षानं, सगळं घर दाखवत शेवटी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. चकचकीत ओटा, आणि त्यात एक गोल झाकण. मला वाटलं, खरकटं पाणी जायची जागा असेल. हर्षानं झाकणावर बोट दाबलं, तर आतून वीतभर उंचीचा काळा खांब सुर्रकन वर आला. खांबाला तीन बाजूंनी तीन प्लग, शिवाय मोबाइलच्या वायरींना दोन भोकं. काम झालं की डोक्यावर दाबायचं, खांब पुन्हा आत.

"अवो माय!" कुसुम म्हणाली. कुसुम म्हणजे आमची सौभाग्यवती. तिनं तो खांब दोनदा वर आणला, दोनदा खाली बसवला. मग इकडेतिकडे पाहत तिनं विचारलं, "अन् देव कुठी हायेत वो?"

"हॉलमध्ये, आई," हर्षा म्हणाली.

"अन् मिक्सर इथे?"

"हो, इथेच."

कुसुम यापुढे काही बोलली नाही. एकतीस वर्षांच्या संसारात नवरा बायकोच्या न बोलण्याचा अर्थ लावायला शिकतो. मी तो लावला, आणि सगळ्यांसमक्ष जाहीर केलं, "असाच बोर्ड मी आपल्या घरी बसवतो. दिवाळीनंतरची मंडई भरायच्या आत!" यावर हर्षा हसली. सून म्हणून ती चांगली आहे, पण ते हसणं मला अजून आठवतं. जणू कारध्याच्या ओट्याला असल्या गोष्टी झेपणार नाहीत.

आता आमच्या स्वयंपाकघराची रचना सांगितली पाहिजे, नाही तर तुम्हीही हर्षासारखे हसाल. आमच्या स्वयंपाकघरात विजेचा बोर्ड एकच, आणि तो देव्हाऱ्याच्या डोक्यावर. आमचे बाबा विणकर. जन्मभर समोरच्या खोलीत हातमागावर बसले. अठ्ठ्याहत्तर साली घरात लाइट आली तेव्हा लाइनमननं विचारलं, बोर्ड कुठे ठोकू? बाबा म्हणाले, लाइट म्हणजे लक्ष्मीच, देवाजवळ ठोक. तेव्हा मिक्सर नावाची वस्तू या घरात येईल हे त्यांना काय माहीत! ती आमच्या लग्नात कुसुमच्या माहेराहून, कोंढ्याहून आली आणि देव्हाऱ्याखालच्या स्टुलावर बसली. तेव्हापासून आमच्या घरचा कांदा-लसूण देवांच्या नाकाखाली वाटला जातो. एकादशीला नाही, गुरुवारी नाही, श्रावणात तर नाहीच. इतर दिवशी वाटायचा, पण आधी देव्हाऱ्यावर पडदा ओढायचा. पडदाही बाबांनीच विणलेला, पांढरा, लाल काठाचा. कुसुम पडदा ओढते, हात जोडते, "देवा, डोळे मिट गा बाप्पा" म्हणते आणि मग बटन दाबते. रोजच्या चटणीचं हे असं. मंडईचं तर विचारूच नका.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडारीचं नाचगाणं होतं, रात्री नाटक होतं, आणि घरोघरी पाहुणे उतरतात. पाहुणे आले की मटण आलं, आणि वीस माणसांच्या मटणाचा मसाला म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत मिक्सर. तेवढा वेळ देव पडद्याआड. दर मंडईला संध्याकाळी कुसुम देवापुढे बसून कितीतरी वेळ माफी मागते. बाई सणाच्या दिवशी चोरासारखी स्वयंपाक करते, हे मलाही दिसत होतं. मी काही दगड नाही.

मग देव्हाराच हलवा, असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कुसुमनं म्हटलं होतं. देव्हारा म्हणजे सागवानाची फळी आणि तिला धरणारे दोन खिळे. पण ते खिळे बाबांनी ठोकलेले. मी दोन दिवस जेवलो नाही. त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघाला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

दसऱ्याच्या आधी भूषणनं पाठवलेला खोका आला. मी तो खोलेपर्यंत घनश्याम हजर. हा माणूस समोरच्या घरात राहतो आणि आमच्या घरात लक्ष घालतो. त्यानं खांब हातात घेतला, उलटा केला, डोळ्याला लावून पाहिला.

"लक्ष्मणराव, तुमचा लोड किती हाय?"

"म्हणजे?"

"मीटरचा लोड जी! ह्या वस्तूले तीन प्लग हायेत. उद्या तिन्ही चालू केले तं? लोड वाढवून घ्या पहिले. नाही तं एखाद्या दिवशी तपासणीवाले येतीन अन् मीटरच काढून नेतीन."

या घराचं मीटर कोणी काढून नेईल ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे. आमचं सगळं नियमात असतं. दुसऱ्याच दिवशी पूल ओलांडून भंडाऱ्याला लाइटीच्या ऑफिसात गेलो. अर्ज माझ्या अक्षरात, विषय आणि संदर्भ वेगळ्या ओळींवर, खाली सहपत्रांची यादी. असा अर्ज त्या ऑफिसानं दहा वर्षांत पाहिला नसेल.

टेबलाशी हर्षाच्या वयाची एक मुलगी होती. तिनं अर्ज वाचला नाही. फक्त मीटरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला.

"काका, मीटर तुमच्या वडिलांच्या नावावर आहे. आधी नाव बदलावं लागेल. त्याला मूळ फाइल पाहिजे."

"मग काढा."

तिनं मान वर न करता सांगितलं, "कनेक्शन अठ्ठ्याहत्तरचं आहे, काका. मूळ फाइल गोंदियाला गेली."

मी जागच्या जागी उभा राहिलो. मला राग का आला हे नीट समजून घ्या. नव्व्याण्णव साली जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि कागदांचे गठ्ठे गाड्यांत भरून तिकडे गेले. त्या दिवसापासून सापडत नसलेल्या प्रत्येक फाइलीबद्दल "गोंदियाला गेली" असं मान वर न करता सांगणारा आमच्या कचेरीतला पहिला माणूस मी. माणूस गोंदियाला जायचा, तिथे त्याला सांगायचे, भंडाऱ्यालाच राहिली. दोन-तीन फेऱ्यांत एक तर फाइल सापडायची, नाही तर माणूस थकायचा. निवृत्त होईपर्यंत मी हे वाक्य चालवलं. आणि जिल्हा फुटला तेव्हा जी पोरगी झबल्यात असेल, तिनं ते माझ्याच तोंडावर मारावं!

फाइल गोंदियाला गेलेली नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण कसं माहीत, हे तिला सांगता आलं नसतं. मी अर्जाची घडी केली, खिशात ठेवली आणि पूल ओलांडून परत आलो.

घरी आमचा इलेक्ट्रिशियन योगेंद्र येऊन बसला होता. योगेंद्र गावातलाच. कामाला वाघ, पण दिवाळी ते होळी तो आमच्या झाडीपट्टी भागातल्या एका नाटक कंपनीच्या लाइटा सांभाळतो. त्यामुळे त्या दिवसांत त्याला कुठलीही खोली रंगमंचासारखी दिसते. आमच्या स्वयंपाकघरात तो डोळे बारीक करून उभा होता.

"काकाजी, इथून लाइट सोडली तं काकीजीचा चेहरा मस्त दिसन."

"काकीचा चेहरा मी पाहिला आहे. बोर्ड कधी बसवतोस?"

"दहा मिनिटांचं काम हाय. अन् लोड वाढवाले तुमी कायले गेले? मिक्सर तोच, बोर्ड दुसरा. लोड कसा वाढन?" मी घनश्यामच्या घराकडे पाहिलं. त्याचं दार बंद होतं. "फक्त ओट्याले होल पायजे. ती मशीन लाखनीच्या डोमाजवळ हाय. होल झाला की मले फोन करा."

डोमाचं दुकान लाखनीला हायवेवर. ट्रकांच्या धुळीत उभ्या केलेल्या फरश्या, आणि दाराला कुलूप. शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, डोमा बांधीत आहे, म्हणजे शेतात. पुन्हा गेलो, बांधीत. तिसऱ्यांदा मी विचारत विचारत त्याच्या बांधीतच जाऊन उभा राहिलो. आमच्या जिल्ह्याची ही रीतच आहे. धान कापणीला आलं की सुतार, गवंडी, न्हावी, सगळे शेतकरी होतात, आणि ज्याच्याकडे धान नाही असा पेन्शनर तेवढा उघडा पडतो.

"काकाजी, धान कापून पडलं हाय," डोमा म्हणाला. "अन् वरते ढग पाहा. भारे बांधून गंजी लागली की येतो."

"किती दिवस?"

"हाताले हात लागला तं आजच होते."

याचा अर्थ मला लगेच कळला नाही. कळला तेव्हा माझ्या डोक्यावर धानाचा भारा होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि वर भारा! आवक-जावक विभागाचा निवृत्त प्रमुख तीन इंच भोकासाठी परक्याचं धान वाहत होता. मी पंधरा भारे वाहिले. सोळाव्याला बांधावरून सायकलनं कोण जावं? आमच्याच आळीतला देवाजी. तो थांबला, त्यानं नीट पाहिलं आणि काही न बोलता गेला. बोलला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी घनश्यामनं मला विचारलं, "काहून जी लक्ष्मणराव, पेन्शन पुरून नाही राहिली का?"

पण डोमा शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आला आणि म्हणाला, "निशाण करून द्या." मी टेप घेतला, ओट्याचा बरोबर मध्य काढला आणि खडूनं फुली मारली. मध्य चुकला नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. मशीन सुरू झाली. पाणी सोडत सोडत कडप्प्यात गोल उतरला, काळा चिखल भिंतीवर उडाला. कडप्पा पार झाल्यावर मशीन घुर्र करून अडकली. डोमानं भोकात बोट घातलं.

"खाली इटा हायेत जी."

असणारच. ओट्याच्या मध्याखाली विटांचा आधार आहे. त्याच्या एका बाजूला आमचा तांदळाचा डबा बसतो आणि दुसऱ्या बाजूला गॅसचं सिलिंडर. हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे. पण डोमानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. विचारल्याशिवाय माहिती द्यायची नाही, ही कचेरीची सवय एकाएकी सुटत नसते.

दुसरी फुली मी वीतभर उजवीकडे मारली. दुसरा गोल उतरत आला आणि टक् असा आवाज झाला. मोठा नव्हता, सुपारी फुटावी एवढाच. पहिल्या भोकातून एक रेघ निघाली, दुसऱ्या भोकात शिरली, तिथून ओट्याच्या काठाला गेली, आणि अर्धा ओटा तांदळाच्या डब्यावर बसला.

"फरशी जुनीच होती जी," डोमा म्हणाला.

"चाळीस वर्षं गुपचूप होती!" मी ओरडलो.

कुसुम दारात येऊन उभी राहिली. तिनं ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आता स्वयंपाक कुठी कराचा जी?" उत्तर समोरच्या घरातून आलं. घनश्यामची बायको गोदावरीबाई खिडकीतून म्हणाली, "कुसुमताई, इकडेच या ना बाप्पा! जेवण बी इकडेच करा दोघं."

बारा दिवस मी घनश्यामच्या घरी जेवलो. हा काळ कोणावर येऊ नये. गोदावरीबाईंच्या हाताला चव आहे, पण पहिला घास तोंडात गेला की घनश्यामचा सल्ला कानात जायचा, आणि दुसऱ्याच्या पानावर बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. आता कडप्पा नको, ग्रॅनाइट घ्या. काळा नको, डाग दिसतात. हिरवा घ्या. मी हो म्हणत गेलो. आमचा ओटा आज हिरवा आहे तो वांग्याच्या भाजीपायी. ज्यानं त्याचं मीठ खाल्लं आहे त्यानंच मला नावं ठेवावीत.

ग्रॅनाइट आला, गवंडी आला, विटांचा आधार बाजूला सरकला. गवंड्यानं फरशीखाली मसाला जाड घातला आणि ओटा चार बोटं उंच झाला. कुसुमचा हात कढईपर्यंत पोचेना. मी म्हटलं, पुन्हा फोडू. ती म्हणाली, "नको जी, हात जोडते," आणि तिनं कोपऱ्यातला बसायचा पाट पायाखाली घेतला. आजही ती पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. पण भोक मात्र योग्य जागी पडलं, आणि मंडईच्या आदल्या दिवशी खांब भोकात बसला. वायर जोडायचं तेवढं योगेंद्रकडे राहिलं.

मंडईच्या सकाळी आम्ही पाहुण्यांना घ्यायला स्टँडवर गेलो होतो, तेवढ्यात योगेंद्र येऊन, काम उरकून गेलासुद्धा. स्टेजवरच्या लाइटा बांधायच्या होत्या त्याला. घरी आलो तर खांबाशेजारी चिठ्ठी: "काकाजी, चालू हाय." पाहुण्यांत कुसुमचा थोरला भाऊ तेजराम होता, कोंढ्याचा शेतकरी, पांढराशुभ्र नवा शर्ट घालून आलेला. त्याची बायको, पोरं, सुना, एकूण अठरा माणसं. घनश्याम आणि गोदावरीबाई न बोलावता आले होते. हा क्षण मला पाहिजे होता. हर्षा नव्हती, पण तिला कळवणारे पुष्कळ होते.

कुसुमनं मिक्सरच्या भांड्यात भाजलेला कांदा, खोबरं, खसखस आणि ओंजळभर लसूण घातला, वर पाणी घातलं. मी पुढे झालो आणि झाकणावर बोट दाबलं. खांब सुर्रकन वर आला. स्वयंपाकघरातून एकदम "आहा!" असा आवाज निघाला. बारा दिवसांचा अपमान तेवढ्यानं धुऊन निघाला म्हणा ना. मी प्लग लावला आणि मिक्सरचं बटन फिरवलं.

काही झालं नाही.

दुसऱ्या प्लगात लावलं. बटन एकवर केलं, दोनवर केलं, तीनवर केलं. काही नाही. तेजरामनं भांड्याचं झाकण काढून आत वाकून पाहिलं. "भाऊजी, मसाला तं चांगला दिसून राहिला," तो म्हणाला. त्या घरात माझ्या बाजूनं बोललेला तो एकटाच.

घनश्यामची नजर तोवर भिंतीवर गेली होती. "लक्ष्मणराव, हे वायर पाहा न."

ओट्याखालून एक पांढरं वायर निघालं होतं. ते भिंतीच्या कडेनं गेलं होतं, कोपऱ्यात वळलं होतं, देव्हाऱ्याच्या फळीवरून चढलं होतं आणि देवांच्या डोक्यावरच्या त्याच जुन्या बोर्डात शिरलं होतं. तिथे एक नवीन कोरं बटन होतं. घरात बोर्डच एक, तर योगेंद्र दुसरीकडून वीज आणणार कुठून? म्हणजे आता लसूण वाटायचा इथे, आणि त्यासाठी लसणाचे हात घेऊन बटन दाबायला जायचं देवाजवळ. कुसुमनं आपल्या हातांकडे पाहिलं आणि सवयीनं पडद्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला, की मला ते पाहवेना.

"थांब, मी दाबतो!" मी म्हटलं, आणि तरातरा जाऊन देवांवरून हात घालून बटन दाबलं.

मिक्सर तीनवर होता. झाकण तेजरामच्या हातात होतं.

मसाला आधी सरळ वर गेला. छताला लागून तो सगळीकडे सारखा वाटला गेला, कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. तेजरामचा शर्ट गेला, घनश्यामचा चष्मा गेला, बाबांनी विणलेल्या पडद्यावर लसणाचे ओघळ आले. आणि उरलेला मसाला खांबाच्या तिन्ही प्लगांत शिरला. फट् झालं, धूर निघाला, घरातले पंखे हळूहळू थांबले.

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर मी भांडलो तरी असतो. फक्त घनश्याम चष्मा पुसत म्हणाला, "लोड वाढला असता तं—" पुढे मी ऐकलं नाही. चपला घातल्या आणि योगेंद्रला धरून आणायला मंडईत गेलो.

योगेंद्र स्टेजवर बांबूच्या शिडीवर होता. मी खालून ओरडलो, तो वरून ओरडला. मधे लाऊडस्पीकर ओरडत होता. गुळाच्या जिलेबीची गर्दी, फुगेवाले, आणि सगळी मंडई थांबून ऐकते आहे, की लक्ष्मणरावांच्या घरात काय जळलं.

"काकाजी, नवं बटन बंद करा अन् फ्यूज लावा, बाकी घर चालू होते! ते खांबाचं मी होळीनंतर पाहतो!"

होळीनंतर! मी रागानं लाल होऊन घरी निघालो. काय म्हणायचं ते वाटेत ठरवत होतो. पुण्याला फोन करायचा, खांब काढून वैनगंगेत टाकायचा, आणि या घरात पुन्हा कोणी मला काही मागायचं नाही. आळीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. आमच्या घरातून मिक्सरचा आवाज येत होता.

समोरच्या खोलीत पाय ठेवला आणि जिथे बाबांचा हातमाग होता त्या भिंतीवर मला देवच दिसले. तीच सागवानाची फळी, तेच देव, पुढे निरांजन लावलेलं. खाली तेजराम माझा शर्ट घालून, हातात हातोडा घेऊन बसला होता. तो मला पाहून उठला आणि हातोडा पाठीमागे लपवला.

मी स्वयंपाकघरात गेलो. बोर्ड आपल्या जागी होता. त्याखाली स्टुलावर मिक्सर होता. मधली भिंत मोकळी होती आणि तिथे दोन भोकं दिसत होती.

"फ्यूज कोणी लावला?" मी विचारलं.

"मीच," कुसुम म्हणाली. "एकतीस वर्षांपासून मीच लावून राहिली. तुमी हापिसात राहत होते."

"आणि देव्हारा? बाबांचे खिळे—"

"तेच खिळे हायेत. दादानं इथून काढले अन् तिकडे ठोकले. मामाजी जिथे बसत होते तिथेच देव बसवले. पाव तास बी नाही लागला."

पाव तास! मी पंधरा भारे वाहिले होते. बारा दिवस घनश्यामच्या घरी जेवलो होतो. माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारून घेतलं होतं. "मग पुण्यात बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बोलली न. देव कुठी हायेत म्हणून हर्षाले इचारलं न मी." तिनं लसूण सोलता सोलता मान वर केली. "तुमी खांबाकडे पाहून राहिले होते."

यावर बरंच बोलण्यासारखं होतं, पण पाहुणे ऐकत होते. मी रागावलो होतो, हे मी लपवत नाही. अजूनही आहे. घनश्यामवर आहे, योगेंद्रवर आहे, लाइटीच्या ऑफिसातल्या त्या पोरीवर आहे. आणि खरं सांगायचं तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोन दिवस न जेवलेल्या एका माणसावर सगळ्यात जास्त आहे. होळी होऊन गेली, योगेंद्र आला नाही. खांब आत बसलेला आहे आणि त्याच्या झाकणावर कुसुमनं मिठाची बरणी ठेवली आहे. बरणी उचल, असं मी अजून म्हटलेलं नाही. बाबांचा पडदा तीनदा धुतला तरी पिवळाच राहिला. तिनं त्याची घडी करून ती देवांच्या खाली आसनासारखी घातली.

पण त्या दुपारची एक गोष्ट राहिली. मी दारात तसाच उभा होतो. कुसुमनं दुसरा घाणा भांड्यात टाकला, वर लसूण टाकला, झाकण घट्ट बसवलं. तिचा हात बोर्डाकडे गेला, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं मी तिच्या "देवा, डोळे मिट गा बाप्पा"ची वाट पाहत राहिलो. ती काहीच म्हणाली नाही. नुसतं बटन दाबलं.